पोटॅशच्या बातमीची शेवटची ओळ

महोदय,

बेलारूसच्या पोटॅश खतावरचे निर्बंध अमेरिका उठवणार, ही बातमी आपल्या अंकात व्यापाराच्या पानावर वाचली. आमच्याकडे ती उसाच्या हिशेबानंच वाचली गेली. कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर पहिला प्रश्न आला, "मग गोणी उतरणार का?" प्रश्नात वावगं काही नाही. आपल्या देशाला लागणारं पोटॅश बाहेरूनच येतं, आणि 2022 च्या सुरुवातीला हजाराच्या आसपासची गोणी सतराशेला घेतल्याचं पलूस-वाळव्यात कुणी विसरलेलं नाही. पण त्याच बातमीच्या शेवटी एक ओळ होती, 'काही राजकीय कैद्यांचीही सुटका'. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

ते 'काही' म्हणजे 123 जण. 13 डिसेंबर 2025 रोजी बेलारूसचा अमेरिकेशी सौदा झाला, पोटॅशवरच्या निर्बंधांच्या बदल्यात कैदी, त्यात ते सुटले. त्यातले आलेस बियालियात्स्की हे मानवी हक्कांसाठी काम करणारे. 2022 चं शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा ते कोठडीत होते, पारितोषिक पत्नीनं स्वीकारलं. मार्च 2023 मध्ये रोख रकमेच्या तस्करीच्या आरोपाखाली त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. व्हिक्टर बाबारिका बँकेचे माजी प्रमुख. 2020 ची अध्यक्षपदाची निवडणूक लढवायला निघाले, तर मतदानाआधीच उचलले, पुढे चौदा वर्षं. मारिया कोलेस्निकोवा बासरीवादक आणि विरोधी नेत्या. सरकारनं त्यांना सीमेवर नेऊन देशाबाहेर ढकलायचा प्रयत्न केला, तेव्हा बाईंनी स्वतःचा पासपोर्टच फाडून टाकला. त्यांना अकरा वर्षं झाली, आणि खटला चालला बंद दाराआड.

हे 'बंद दाराआड' मला खटकतं, कारण माझी एकतीस वर्षं कोर्टात बेंच क्लार्क म्हणून गेली. आमचं काम रोजनामा लिहायचं. 'आरोपी हजर. आरोपीतर्फे वकील हजर. साक्षीदार गैरहजर. पुढील तारीख.' रटाळ काम. आपल्या कोर्टांचे दोष मी जवळून पाहिलेत, त्यावर वेगळं पत्र होईल. पण दार उघडं असायचं. मागच्या बाकावर कुणीही येऊन बसायचं, त्यात निम्मे उन्हातून सावलीला आलेले, आणि तरीही त्या बाकावर माणूस आहे म्हटल्यावर सगळ्यांचीच वागणूक थोडी सरळ राहायची.

परदेशी सरकारांनी एखाद्या देशातल्या खटल्याबद्दल करण्यासारखं पहिलं काम मला तेच वाटतं, मागच्या बाकावर जाऊन बसायचं. 2 फेब्रुवारी 2021 ला मॉस्कोच्या कोर्टात रशियातले विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांना उभं केलं तेव्हा अनेक देशांच्या वकिलातींतली माणसं तिथं गेली होती. आरोप काय, तर जुन्या शिक्षेच्या अटीप्रमाणे हजेरी लावली नाही. हजेरी चुकली तेव्हा हा माणूस विषबाधेतून वाचून जर्मनीत उपचार घेत होता! माणसं बसलेली रशियाला झोंबली, 'हा हस्तक्षेप आहे' म्हणून आरडाओरड झाली, आणि शिक्षा व्हायची ती झालीच. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं त्याच महिन्यात त्यांना सोडायला सांगितलं, रशियानं ऐकलं नाही. शेवटचा मोठा खटला तर तुरुंगाच्या आवारातच चालवला, त्यात एकोणीस वर्षं. 16 फेब्रुवारी 2024 ला नवाल्नी तुरुंगातच गेले. पुढच्या जानेवारीत त्यांच्या तीन वकिलांना शिक्षा झाली. वकालतनामा दाखल केलेल्यालाच पिंजऱ्यात उभं करायचं, हे आमच्या बाररूममध्ये सांगितलं असतं तर थट्टा वाटली असती.

मग उपयोग काय झाला, असं सेवा केंद्राच्या बाकड्यावर मला विचारलं गेलंच. त्याला जोडून ठरलेलं वाक्य, "त्यांची अंतर्गत बाब आहे, त्यांचं ते बघतील." आपलं सरकारही, कुठल्याही पक्षाचं असो, बहुधा हेच म्हणतं. मला मात्र हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी शोभत नाही असं वाटतं. 1897 साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. लेख मराठीतले, खटला चालला भाषांतरावर. 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन भारतीयांनी निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी. त्या वेळी राणीकडे दयेचा अर्ज गेला, आणि त्यावर सही करणाऱ्यांत ऑक्सफर्डचे मॅक्सम्युलर होते. टिळकांच्या राजकारणाशी त्यांना कर्तव्य नव्हतं, ओळख वेदांच्या काळाविषयीच्या संशोधनातून. सप्टेंबर 1898 मध्ये, मुदतीच्या सहा महिने आधी, टिळक सुटले. त्या अर्जामुळेच सुटले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण 'ही साम्राज्याची अंतर्गत बाब' म्हणून मॅक्सम्युलरनी सही टाळली असती, तर आपण त्यांना काय म्हटलं असतं?

आणि इंग्रजांचंच कशाला काढायचं? आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस पकडले गेले तेव्हा त्यांच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून विली ब्रांट, ओलोफ पाल्मे यांच्यासारख्या युरोपातल्या समाजवादी नेत्यांनी इंदिरा गांधींकडे शब्द टाकला होता. तेव्हा तुरुंगाबाहेर असलेल्या कुणा विरोधकाला तो हस्तक्षेप वाटला नव्हता.

आता पोटॅशकडे. जे नोबेलला जमलं नाही ते खतानं केलं, हे कबूल करायला हवं. 123 घरांत दिवाळी झाली, तिला नाक मुरडणारा मी कोण? तरी माझ्यातल्या कारकुनाला हा सौदा धड वाटत नाही. निकाल रद्द झाले नाहीत, खटले चुकीचे होते असं कुणी म्हटलं नाही, आणि सुटलेल्यांना देशात राहू न देता सरळ युक्रेनला आणि लिथुआनियाला पाठवलं. म्हणजे सुटका कमी आणि तडीपारी जास्त. त्याआधी सप्टेंबर 2025 मध्ये अशाच एका तुकडीतले जुने नेते मिकोला स्तातकेविच सीमेवर गाडीतून उतरले आणि देश सोडायला नकार देऊन परत तुरुंगात गेले. हजाराहून जास्त माणसं त्या वेळीही आत राहिली होती. कैद्याला भाव मिळतो हे एकदा सरकारला कळलं की बाजार रिकामा कशाला ठेवतील? एक हप्ता सोडायचा, दुसरा उचलायचा. निर्बंध उठवायचे तर खटले पुन्हा उघड्या कोर्टात चालवा, वकिलांना मोकळं सोडा, अशी अट घालता आली असती. अमेरिकेनं माणसं मोजून घेतली, एवढंच.

आपल्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वेळी खताच्या भावाची बातमी जरूर मोठी छापा, मीही आधी तीच वाचीन. पण 'काही राजकीय कैदी' असं न लिहिता चार नावं छापा. नावं जिभेला जड आहेत, मान्य. आमच्या कोर्टातला पट्टेवाला आडनाव कितीही आडवळणी असलं तरी दारात उभा राहून तीनदा पुकारायचा. आपण एकदा छापलंत तरी चालेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बेंच क्लार्क
ता. पलूस, जि. सांगली