कंपाउंडर काका, गोळी फोडली नाही

प्रिय काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पावतीवर डॉक्टरांचं नाव छापलेलं असतं, खिडकीत बसून औषध देणाऱ्याचं नसतं. म्हणून हे पत्र असं जाहीर, ‘प्राण्यांच्या दवाखान्यातले कंपाउंडर काका’ एवढ्याच पत्त्यावर.

आधी बातमी. आमच्या मनी मांजरीने, जिचं यकृत बिघडलं होतं, आज पहाटे बशी चाटून पुसून साफ केली. कानांच्या आतला पिवळेपणा गेलाय. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात चढणारा आकडा, उतरलाय. डॉक्टरांना फोनवर धन्यवाद देऊन झाले, तुमचे राहिले होते.

तुमच्या आधी ज्या दुकानात गेलो, तिथेही ‘लिव्हर’चंच औषध मिळालं होतं. चार प्रकारचं! वजन कुणी विचारलं नाही, मांजर आहे की कुत्रा हेही नाही. पिशवीत कुत्र्याचं चित्र असलेलं सिरप, लोहाचं टॉनिक, माणसांची अँटिऑक्सिडंट कॅप्सूल आणि खलबत्त्यात कुटून कागदात बांधलेल्या दहा पुड्या. वर फुकटचा सल्ला: मांस बंद, फक्त दूधभात.

त्या पिशवीतली एकेक वस्तू तुम्ही खिडकीवर मांडलीत आणि न चिडता बाजूला सारलीत. कॅप्सूलच्या डबीवरची बारीक अक्षरं चष्मा कपाळावर सरकवून वाचलीत आणि ‘अल्फा लिपोइक अ‍ॅसिड’ या शब्दांखाली नखाने रेघ ओढलीत. माणसांना चालणारं हे द्रव्य मांजराला विष आहे. कुत्र्याच्या मानाने मांजराला फारच थोडं पुरतं, आणि ते यकृतावरच घाव घालतं. लोहाचीही तीच गत. आजारी यकृताला फुकटचं लोह म्हणजे आगीत तेल. जस्ताच्या गोळ्यांबद्दलही तुम्ही सांगितलंत, की ज्या कुत्र्यांच्या यकृतात तांबं साठतं (बेडलिंग्टन टेरियर, काही लॅब्रेडॉर, डोबरमन) त्यांनाच, तेही तपासणी करून. जास्त झालं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ‘ताकदीसाठी’ म्हणून जस्त कुणी देऊ नये.

मग पुड्या. इथे तुम्ही पहिल्यांदा "अरेरे" म्हणालात.

त्या पुड्यांत माणसांची 400 मिलिग्रॅमची सॅमीची गोळी होती, म्हणजे एस-अ‍ॅडेनोसिलमेथिओनिन. शरीर यापासून ग्लुटाथायोन बनवतं, आणि यकृताच्या पेशी विषारी द्रव्यांशी लढतात ते त्याच्याच जोरावर. औषध चुकीचं नव्हतं. हिशोबही कागदावर ठीकच होता: किलोला साधारण 20 मिलिग्रॅम, मनीचं वजन साडेचार किलो, म्हणजे रोज 90. एका गोळीच्या चार पुड्या केल्या की झाले 100. पण या गोळीवर जो गुळगुळीत थर असतो तो शोभेचा नाही. पोटातलं आम्ल गोळीला लागू नये, ती थेट आतड्यात जाऊन विरघळावी म्हणून तो असतो. कुटली की थर गेला. शिवाय हे द्रव्य हवेतला ओलावा धरतं. पावसाळ्यात कागदाच्या पुडीत दोन दिवसांत त्याचं काही खरं उरत नाही. महागडं औषध देतोय या समाधानात घरोघरी माणसं कडू भुकटी भरवत बसतात आणि मांजर फेसाने तोंड भरून घेतं.

तुम्ही मनीला टोपलीसकट काट्यावर ठेवलंत, मग रिकामी टोपली. 90 मिलिग्रॅमच्या अख्ख्या गोळ्यांची पट्टी काढलीत आणि काळ्या मार्करने पट्टीच्या मागच्या बाजूला लिहिलंत: ‘फोडू नका. उपाशीपोटी. नंतर 1 तास थांबा.’ त्यातल्या ‘1’ भोवती दोनदा गोल केलात. "एकच तास हं, चार नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही की अंगातली चरबी यकृतात जाऊन बसते. उपास हाच तिचा आजार आहे, औषधापायी आणखी उपास नको."

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहितोय. पैसे घेऊन झाले होते, मागे रांग होती. तुम्ही खिडकीतून हाक मारून परत बोलावलंत आणि सुई काढलेली 5 मिलिलिटरची सिरिंज हातात ठेवलीत. "गोळीनंतर पाणी." एवढं बोलून थांबला नाहीत, बाहेर येऊन करून दाखवलंत. मान वर करायची नाही, सरळ ठेवायची. सिरिंजचं टोक गालाच्या आत, सुळ्यामागच्या फटीत. एका वेळी 1 मिलिलिटर, मनीने गिळलेलं दिसेपर्यंत थांबायचं, मग पुढचं. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत कितीतरी वेळ अडकून राहते, आणि ती डॉक्सीसारखी (डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक) असेल तर तिथे भाजतं, बरं होताना नळी आक्रसते, हे सांगायला तुम्हाला अर्धं मिनिट लागलं. त्या सिरिंजचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. पैशांचं काही नाही हो, पण रांगेतलं कुणी कुरकुरलं तेव्हा "यांचं झालं की तुमचंच, असंच दाखवीन" हे ज्या आवाजात म्हणालात, तो आवाज हल्ली दुर्मीळ झालाय.

बाकीचंही तुम्ही सांगितलंत तसंच झालं. दूधभात बंद, उकडलेलं चिकन मिक्सरमधून काढून, अंगाइतकं कोमट. यकृत बिघडलं म्हणून प्रथिनं तोडायची नाहीत. अमोनिया डोक्यात चढून जनावर भ्रमल्यासारखं वागू लागलं तरच डॉक्टर ती कमी करतात. पहिल्या दिवशी गरजेच्या पाव हिस्साच, म्हणजे 200-220 कॅलरींपैकी पन्नास-पंचावन्न, आणि चार दिवसांत हळूहळू पूर्ण. उपाशी मांजराला एकदम भरवलं तर रक्तातलं फॉस्फरस कोसळतं, म्हणून तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं. भूक वाढवायच्या औषधाने साथ दिली, मानेतून नळी बसवायची वेळ थोडक्यात टळली. सिलिमरिन हे यकृतासाठीचं वनस्पतीजन्य औषध डॉक्टरांनी लिहिलं तेच, फॉस्फोलिपिडशी जोडलेलं. साधं अंगात फारसं भिनतच नाही.

वरच्या मजल्यावरच्या लॅब्रेडॉरसाठी ‘मनीचं औषध’ मागायला शेजारी आले होते. त्यांना तुमच्याकडेच पाठवतोय. त्याचं अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीतला आणखी एक आकडा, वाढलंय, पण तो खाजेसाठी स्टिरॉइड घेतो. कुत्र्यात तेवढ्यानेही हा आकडा चढतो. मांजरात तो काही तासांत उतरतो, म्हणून थोडा वाढला तरी दखल घ्यायची. पावसाचे दिवस आहेत, गोचिडताप आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आधी बघा म्हणावं, टॉनिक मग.

मनीच्या पट्टीवर लिहिताना तुमचा मार्कर दोनदा अडखळला होता, शेवटचं अक्षर तुम्ही गिरवून गिरवून उमटवलंत. या पत्रासोबत काळे मार्कर ठेवलेत, जाड टोकाचे, दोन.

आपली,
मनीच्या घरची माणसं