हौसा थांबली, सुमे

एडिसन, न्यू जर्सी
शनिवार, रात्री

प्रिय सुमे,

फोनवर सांगायला गेले असते तर दोघींपैकी कुणीतरी रडलं असतं आणि सांगायचं ते राहून गेलं असतं, म्हणून कागद घेतला. इथे सगळे बरे. माझी शुगर आटोक्यात, ह्यांचा खांदा अधूनमधून दुखतो, चिरंजीव हॉस्टेलवर. झालं.

आता ऐक. परवा मॉरिसटाउनला हौसा, आमच्याकडे वाढलेली ती कुत्री, गाडीपुढे थांबली.

‘सीइंग आय’ म्हणजे अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणारी इथली संस्था. चार महिने त्यांच्या शाळेत शिकून झालं की ज्यांनी पिल्लू वाढवलं त्या घरच्यांना ते एकदा बोलावतात. आपण लांबून, मागून मागून चालायचं. हाक मारायची नाही, तिला दिसायचं नाही. साउथ स्ट्रीटवर भर वर्दळीत ती शिकवणाऱ्या बाईंच्या डाव्या हाताला चालली होती. अंगावर हार्नेस, म्हणजे माणसाने धरायची दांडी असलेला पट्टा, कान मागे, शेपटी सरळ. सोफ्यावरची उशी फाडणारी हीच का ती, असं मला वाटलं. (त्या उशीवरून आई तिला काय काय बोलली होती! कागदोपत्री हेझल, पण ‘हौसाबाई, तुला लाज आहे का’ म्हटलं की मान खाली घालायची.) कोपऱ्यावर बाई थांबल्या, कान देऊन वाहनांचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, ‘फॉरवर्ड.’ हौसा निघाली, तोच वळणावरून एक गाडी आली. हौसा जागीच थिजली आणि बाईंना रेटत मागे सरली. गाडी संस्थेचीच होती, मुद्दाम घातलेली, हे नंतर कळलं. त्या क्षणी मी ह्यांचा दुखरा खांदाच धरला होता.

मला ओढा दिसला. तुला दुसरं काय सांगू? आपण दोघी दप्तरं डोक्यावर घेऊन पलीकडे, फरशी पुलावरून पाणी चाललेलं, अलीकडे दिसत नसलेले आबा काठी उगारून आपल्या कुत्र्याला, मोत्याला, शिव्या घालताहेत आणि तो धोतराचा सोगा काही सोडत नाही. ह्यांना मी कितीदा सांगितलंय ते. ‘हो, हुशार होता मोत्या’ म्हणतात. तिथे उभं असणं वेगळं.

आणि हो, तू आता म्हणशीलच की मोत्या पाण्याला भ्यायचा म्हणून थांबला. ह्यावरून दहावीत आपण बोलणं टाकलं होतं, शेवटी तुझ्या आईने एका ताटात वाढलं तेव्हा बोललो. तर ऐक, तुझं बरोबर असेलही. स्वतःपुरतं भिणं कुठल्याही कुत्र्याला येतं. हौसाला जे शिकवलंय ते त्याच्या पुढचं आहे. आपल्या उजव्या अंगाला माणूस केवढा आहे, त्याचं डोकं किती उंचावर आहे, हे तिला धरून चालावं लागतं. फांदी खाली आली असेल तर ती स्वतः आरामात जाईल, पण माणूस आपटेल, म्हणून तिने थांबायचं. आठव आपला गोठा. मोत्या वाशाखालून सरळ आत आणि मागोमाग आबांचं कपाळ धाडकन! जन्मभर ते टेंगूळ. त्या कुत्र्याचा जीव होता गं आबांवर, नुसता जीव होता. त्याला शिकवणारं कुणी नव्हतं. मला ते व्हायचंय, सुमे. मी तिथे शिकाऊ प्रशिक्षक म्हणून अर्ज केला होता आणि घेतलंय मला.

तीन वर्षं शिकायचं. रोज मैलोन्‌मैल चालायचं, पावसात, बर्फात. स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून कुत्र्यामागे जायचं. पगार आत्ताच्यापेक्षा बराच कमी. ह्यांनी हिशेब मांडला, दोनदा पुसला आणि म्हणाले, ‘निभेल.’ त्याची काळजी नाही मला.

काळजी ही आहे, की जोडी जुळवायची असते. इथे मंडळाच्या गणपतीत सगळे विचारतात, कुत्र्याला सिग्नल कळतो का. नाही कळत. रस्ता कधी ओलांडायचा ते माणसानेच ऐकून ठरवायचं, कुत्र्याने फक्त चुकतंय तिथे ऐकायचं नाही. म्हणजे दोघांचा एकमेकांवर इतका भरवसा हवा आणि हे दोघं कोण, ते शिकवणाऱ्याने ठरवायचं. कुत्रं यायच्या आधी शिकवणारा हातात हार्नेस धरून स्वतः कुत्र्याच्या जागी चालतो आणि दांडी धरलेल्या माणसाचा वेग, ओढ, थबकणं हातात भरून घेतो. जुनो वॉक म्हणतात त्याला. कळलं तेव्हापासून मी मनात आबांची जुनो वॉक करतेय. गुरुवारी औदुंबरला जाताना त्यांचा वेग बघ, आपण पळायचो मागून. परतताना मात्र प्रत्येक झाडाशी उभे. मग त्यांना ओढीचं कुत्रं द्यायचं की शांत? जाताना दत्ताची ओढ आणि येताना दमलेला माणूस, दोन्ही एकाच कुत्र्याने कसं सांभाळायचं? मोत्याने सांभाळलं. मी शंभर जणांच्या बाबतीत कशी सांभाळणार? माझा अंदाज चुकला तर कुणीतरी भर रस्त्यात उभं असेल. बाकीचे म्हणतात, शिकशील. शिकेन, पण हे दडपण जायला नको असंही वाटतं. ज्याला ते वाटत नाही त्याने ही दांडी धरू नये.

आणखी एक. कुत्रं साधारण आठेक वर्षं काम करतं, मग दुसरं. मोत्या गेल्यावर आबा अंगणाबाहेर पडले नाहीत, तू बघितलंस. काचबिंदूने जे झालं नव्हतं ते मोत्या गेल्यावर झालं. इथे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कुत्रं न्यायला आलेली माणसं मी पाहिली, पहिल्याचं नाव घेताना त्यांचा आवाज कसा होतो तेही ऐकलं. आणि तरी नव्याची दांडी धरतात. आबांना कुणी दुसरा मोत्या दिला असता तर?

आबांनी फुकट घेतला नसता म्हणा. इथेही फुकट नाही. पहिल्या कुत्र्याला १५० डॉलर, पुढच्या प्रत्येकाला ५०, माजी सैनिकाला १. खर्च ह्याच्या कितीतरी पट, पण आलेला माणूस पैसे मोजून, स्वतःचं म्हणून कुत्रं घेऊन जातो. मॉरिस फ्रँक नावाच्या आंधळ्या तरुणाने १९२८मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाची कुत्री आणली आणि पुढच्याच वर्षी ही संस्था निघाली. गावातल्या हिरवळीवर त्याचा आणि बडीचा पुतळा आहे. उंच चबुतरा वगैरे नाही, जमिनीवरच चालत निघालेला. आबांना हात लावून बघता आला असता. त्यांनी नक्की बडीच्या तोंडापाशी भाकरीचा तुकडा धरला असता आणि आपल्याला तुपाच्या वाटीची नामदेवांची गोष्ट पुन्हा ऐकवली असती.

हौसा कुणाकडे जाणार ते नाव आम्हाला सांगत नाहीत. ठीक आहे. चांगल्या चालीच्या माणसाकडे जावी.

आता आई. तिला मी अजून काही बोललेले नाही. हौसाला परत सोडून आलो त्या दिवशी म्हणाली होती, ‘द्यायचीच होती तर जीव कशाला लावला?’ मी काहीच बोलले नाही, कारण उत्तर मोठं होतं आणि ती भाकरी थापत होती. आता इंजिनिअर झालेली लेक नोकरी सोडून कुत्री फिरवणार म्हटलं की तिला बाबांची आठवण येणार, फीसाठी विकलेला मळा आठवणार, आणि ते खोटं नाही. पण तिनेच मोत्याला पहिली भाकरी घातली ना? आम्हाला वाढायच्या आधी? माझ्यात हे आलंय ते तिच्याकडून आलंय आणि ते तिला मी सांगितलं तर लाडीगोडी वाटेल.

तुझं कसं चाललंय? मुख्याध्यापिका झालीस तेव्हा पेढे पाठवायला हवे होतेस, फोटो कसले पाठवतेस. गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतरच कर, आधी नको. धाकटीचं जमलं का कुठे? त्या कोल्हापूरच्या मुलाचं काय झालं?

तर एक काम कर. गावी जाशील तेव्हा आईकडे जा, माझ्या आधी तू सांग. आबांचा गोठा, तो वासा, ओढा, सगळं काढ. तुझं ती ऐकते, आणि ओढ्यावर तू होतीस. फक्त मोत्या पाण्याला भ्यायचा हे तेवढं त्या दिवशी म्हणू नकोस. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मी रुजू होते, त्याच्या आत व्हायला हवं. मग मी फोन करेन.

तुझी,
मंगी