रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात, वॉरंटी मात्र चालूच!

माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री यांस,

सादर नमस्कार.

विषय: परवानाधारक शस्त्रांची वॉरंटी आणि त्याच त्या दोषासाठी होणाऱ्या फेऱ्या.

पत्रात रिव्हॉल्व्हरचं नाव बघून आपले अधिकारी ते गृहमंत्रालयाकडे वळवतील, याची मला भीती आहे. कृपया तसं होऊ देऊ नका. शस्त्र म्हटलं की जो तो गृहखात्याकडे बोट दाखवतो, गृहखातं म्हणतं आमचं काम परवान्यापुरतं, आणि पैसे मोजून सदोष माल घरी आणलेल्या गिऱ्हाइकाला कुणी वाली उरत नाही. माझी तक्रार मालाबद्दल आहे, म्हणून आपल्याकडे.

मी सैन्यात आर्मरर होतो. युनिटची हत्यारं तपासणं, गेज लावणं, झिजलेला भाग बदलणं हाच माझा धंदा. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेची रोकड शाखा-शाखांतून ने-आण करतो, त्यासाठी रीतसर परवाना काढून २०२४ च्या सुरुवातीला ०.३२ बोअरचं नवंकोरं रिव्हॉल्व्हर घेतलं. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. एका कंपनीशी भांडायचं असतं तर जिल्हा ग्राहक आयोगात गेलो असतो. दुखणं त्याहून मोठं आहे.

आधी दोष काय ते सांगतो, कारण मोघम तक्रारीला उत्तरही मोघमच मिळतं. गोळ्या भरायच्या फिरत्या सिलेंडरमध्ये सहा घरं असतात. ट्रिगर ओढला की आतला एक छोटा पंजा सिलेंडरला पुढच्या घरावर ढकलतो, खालून एक खिटी वर येऊन खाचेत बसते आणि सिलेंडर जागच्या जागी जाम होतो. गोळीच्या बुडावर ठोका देणारा हॅमर पडायचा तो त्यानंतर. माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये दोन घरांवर सिलेंडर केसभर अलीकडे थांबतो. खिटी खाचेत बसलेली नसते आणि हॅमर पडून मोकळा होतो. मग गोळी बॅरलच्या तोंडाशी कडेला घासत शिरते, सिलेंडर आणि बॅरलमधल्या फटीतून शिशाच्या कपच्या बाजूला उडतात. रेंजवर माझ्या डाव्या हाताला उभ्या असलेल्या गड्याच्या गालाला त्या लागल्या. रिकामी पुंगळी काढून बघावी, तर तिच्या बुडाच्या कॅपवर पिनचा ठसा मधोमध नसून पार काठाला. कधी गोळी उडतच नाही.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची खात्री करायची, अंगठ्यानं हॅमर अगदी सावकाश मागं ओढायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलेंडरला हलकं टेकवायचं. खिटी बसल्याचा ‘टक्’ हॅमर अडकण्याआधी ऐकू यायला हवा. झटक्यात ओढलं तर सिलेंडर स्वतःच्याच वेगानं पुढं सरकून बसतो आणि दोष लपतो. कारखान्यातला माणूस नेमका झटक्यात ओढून बघतो आणि कागदावर शेरा मारतो, ‘टेस्ट फायरिंग ओके’. पहिल्या खेपेला पंजा बदलून आला, थोड्या गोळ्या बऱ्या गेल्या आणि मूळ पदावर. पुढच्या खेपेला त्याच पंजाला कानस मारलेली. त्यानंतर तर नुसतं तेलपाणी करून पाठवलं, वास अजून डबीला होता.

योग्य मापाचा पंजा मिळाला तर हे काम मी घरच्या व्हाइसवर अर्ध्या तासात करीन. पण शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि तो लागायलाच हवा. गल्लोगल्ली कानशी घेऊन बसलेले कारागीर मलाही नकोत. मुद्दा असा की मोबाइल बिघडला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं, ट्रॅक्टर बिघडला तर गावातला मेकॅनिक येतो. इथं कायद्यानं बाकीची दारं बंद केली आहेत. उघडं आहे ते बहुतेक वेळा एकच, कंपनीचं. जिथं गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय नाही, तिथं वॉरंटीचा नियम जास्त कडक असायला हवा. आपल्याकडे तो नाहीच.

आता काळाचा हिशेब बघा. वॉरंटी एक वर्षाची, बिलाच्या तारखेपासून. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीच्या काळात कुणाची शस्त्रं जमा करायची ते ठरवणाऱ्या छाननी समितीच्या यादीत माझं नाव आलं आणि रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा झालं. पतसंस्थेचं पत्र दाखवूनही उपयोग झाला नाही, बँकांना मिळते ती सवलत पतसंस्थेला नाही म्हणाले. निकाल ४ जूनला लागला, शस्त्र परत मिळायला त्यापुढं आणखी वेळ गेला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, पुन्हा जमा. या काळात मी त्याला हातही लावू शकत नव्हतो, मग दोष शोधणार कसा आणि कळवणार काय? कंपनीच्या लेखी मात्र ते दिवस ‘वापराचे’ होते.

राहिलेला काळ वाटेत गेला. कारखाना दुसऱ्या राज्यात, माझा परवाना महाराष्ट्रापुरता. कुरिअरवाला हात लावत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ मध्ये एक चांगली सोय आहे, परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी शस्त्र नेऊ शकतो. पण दुसऱ्याचं हत्यार खिशात घालून दोन राज्यं ओलांडायला कोण तयार होतो? शेवटी विक्रेत्याकडं द्यायचं. तो म्हणतो, आणखी चार-पाच हत्यारं जमली की एकदम पाठवतो. ती जमेपर्यंत त्याच्या तिजोरीत पडून. कारखान्यात रांग वेगळीच. इतकं करून परत येतं ते त्याच दोन घरांवर अडखळत, आणि वर पत्र, वॉरंटीची मुदत संपली असल्यानं यापुढची दुरुस्ती सशुल्क राहील.

साहेब, ही मुदत मी वापरली कधी?

आपल्याच विभागानं २०२४ मध्ये घरगुती उपकरणांच्या कंपन्यांना बोलावून सांगितलं होतं की वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून धरू नका, उपकरण घरी बसवल्यापासून धरा. फार योग्य केलंत. वापरता न आलेले दिवस गिऱ्हाइकाच्या खाती मांडायचे नाहीत, हे तत्त्व वॉशिंग मशीनला लागू होतं तर सरकारी आदेशानं जमा केलेल्या शस्त्राला का नाही? २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, आपण ‘राइट टू रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलंत. त्यात शेती अवजारं आली, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स आलं, घरगुती उपकरणं आली, वाहनं आली. शस्त्रांचा तिथं पत्ता नाही.

बरं, कर घेताना सरकार विसरत नाही. मी घेतलं तेव्हा रिव्हॉल्व्हरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला, खासगी यॉटच्या रांगेत. माझ्या रोकडीच्या पेटीला चैन म्हणायची तर म्हणा. पण दर शंभर रुपयांमागे चाळीस रुपये घेणाऱ्यानं वस्तू धड चालते की नाही एवढं तरी विचारावं.

यावर उत्तर येईल की २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, त्यात जा. तो कायदा मी वाचला आहे आणि तो चांगला आहे. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कलम ३९ खाली आयोग दोष दूर करायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतो. अडचण पुढं आहे. माझ्या परवान्यावर शस्त्राचा क्रमांक लिहिलेला आहे. बदली म्हणून दुसरं रिव्हॉल्व्हर मिळालं तर त्याचा क्रमांक वेगळा, म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जुनं कमी करा, नवं चढवा, पुन्हा अर्ज, पुन्हा टेबलं. हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. बदलीचं नाव काढलं की ‘तुमच्या परवान्याचं काय?’ असा प्रश्न येतो आणि माणूस निमूटपणे पुन्हा दुरुस्तीला तयार होतो. वर्षानुवर्षं तेच तुकडे तीच कानस खात राहतात ते यामुळं.

दुसरी अडचण पुराव्याची. कलम ३८ प्रमाणे चाचणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि अहवालाला ४५ दिवसांची मुदत आहे. फ्रिज, औषध, सिमेंट यांच्या प्रयोगशाळा सापडतात. रिव्हॉल्व्हरच्या टायमिंगचा, म्हणजे हॅमर पडण्याआधी सिलेंडर जागी बसतो की नाही याचा, अहवाल कोण देणार? राज्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांत बंदुका-गोळ्या तपासणारे बॅलिस्टिक विभाग आहेत, पण तिथं खुनाच्या गुन्ह्यातली हत्यारं वाट बघत पडलेली. त्यांच्यापुढं माझा पंजा कोण हातात घेणार?

अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. ‘पूर्ण’ वॉरंटी दिलेली वस्तू वाजवी प्रयत्नांनंतरही दुरुस्त झाली नाही, तर बदली घ्यायची की पैसे हे गिऱ्हाईक ठरवतं. तिथली सगळीच घडी अनुकरण करण्यासारखी आहे असं नाही. त्याच देशानं १९७२ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचा आयोग नेमला आणि बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. आपल्या कायद्यात तसा अपवाद नाही. बंदूक ही आपल्याकडे ‘वस्तू’च आहे, कलम २(१०) मधली दोषाची व्याख्या तिला लागू पडते. कमी आहे ती कुणीतरी हे स्पष्ट लिहून काढण्याची.

ते लिहिणं आपल्या हातात आहे. शस्त्र पोलिसांकडे, विक्रेत्याकडे किंवा कारखान्यात असेल तितके दिवस वॉरंटीतून वगळावेत, जमा-पावती हाच पुरावा धरावा. एकच दोष दुसऱ्या दुरुस्तीनंतरही राहिला तर बदली की परतावा हे ग्राहकानं ठरवावं, आणि बदलीचा क्रमांक परवान्यावर चढवण्यासाठी गृहमंत्रालयाशी बोलून ठरावीक दिवसांची मुदत घालावी. प्रत्येक दुरुस्तीनंतर काय बदललं, सहाही घरांवर सिलेंडर सावकाश ओढून तपासला का, हे सही-शिक्क्यानं लिहून द्यायची सक्ती करावी. नुसतं ‘ओके’ चालणार नाही. प्रत्येक राज्यात एक बॅलिस्टिक विभाग ग्राहक आयोगाच्या कामासाठी नेमून द्यावा. आणि हाच दोष एका खेपेतल्या अनेक शस्त्रांत निघाला, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला माल परत मागवायचा अधिकार आहेच, तो इथंही वापरावा.

सगळं एकदम होणार नाही हे मी जाणतो. पण वॉरंटीतून जमा-काळ वगळण्याची सूचना कंपन्यांना देण्यासाठी संसदेत जावं लागत नाही. तेवढी तरी स्थानिक निवडणुकांची पुढची आचारसंहिता लागण्याआधी द्यावी, म्हणजे पोलीस ठाण्याच्या रांगेत माझ्यामागं जे उभे राहतील त्यांना ती पावती जपून ठेवायला सांगता येईल.

आपला,
एक परवानाधारक, निवृत्त आर्मरर
जिल्हा सातारा

प्रत माहितीसाठी: माननीय केंद्रीय गृहमंत्री