आउटफिट कन्सल्टेशनचे पैसे घेतले पण सल्ला दिलाच नाही, ब्रँडिंग फोटोशूटबद्दल तक्रार

नमस्कार,

मी सांगलीहून लिहितेय. आमचा हळद आणि कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती व्यवसाय आहे, नऊ वर्षं झाली, मी आणि माझ्याबरोबर चार बायका. मार्चमध्ये तुमच्याकडून बिझनेस ब्रँडिंगचं फोटोशूट करून घेतलं. पॅकेज १८,००० रुपये आणि त्यावर 'आउटफिट कन्सल्टेशन' म्हणजे कपड्यांचा सल्ला म्हणून वेगळे ३,५०० रुपये, दोन्ही आधीच भरले, पावती आणि सगळे मेसेज माझ्याकडे आहेत. तीनदा फोन केला, दोनदा व्हॉट्सॲप केलं, प्रत्येक वेळी 'टीमला सांगतो मॅम' एवढंच ऐकलं म्हणून आता सगळं लिहून पाठवतेय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

आधी एक सांगते, शूटला आलेले फोटोग्राफर दादा मेहनती होते, सकाळी सातला आले ते अंधार पडेपर्यंत थांबले, त्यांच्या कष्टाबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझी तक्रार कपड्यांची आहे. कारण त्याचे तुम्ही वेगळे पैसे घेतलेत आणि १५ पैकी १५ फोटो कपड्यांमुळेच वाया गेलेत.

पैसे भरल्यावर दुसऱ्या दिवशी २२ पानांची पीडीएफ आली. बेज ब्लेझर, जीन्सवर पांढरा शर्ट, टर्टलनेक, हिल्स, हातात कॉफीचा मग. साडी हा शब्द २२ पानांत एकदाही नाही! मी साडीच नेसते, गिरणीवर पण आणि बँकेत पण, आणि माझ्या ओळखीच्या धंदा करणाऱ्या निम्म्या बायका साडीच नेसतात. मी लगेच विचारलं की मॅडम मी साडीवालीच आहे तर कुठला रंग, कुठलं कापड, काठ केवढा, ब्लाउजची बाही केवढी ते सांगा, तर उत्तर आलं 'ब्रँड कलर्स घाला मॅम, ज्यात कम्फर्टेबल वाटेल ते घाला'. मग मी पाच साड्या पलंगावर पसरून त्यांचे फोटो काढून पाठवले. पाचही फोटोंवर अंगठा आला. पाच मिनिटांत. कन्सल्टेशन म्हणतात ते एवढंच झालं, ह्याच्यापुढे एक अक्षर नाही.

आता त्यातून काय झालं ते बघा.

आमच्या पाकिटाचा रंग पिवळा. ब्रँड कलर घाला म्हणालात म्हणून मी २,८०० रुपयांची नवीन पिवळी साडी घेतली, सिल्कसारखी चमकणारी, जरीचा रुंद काठ. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती, तिच्यामध्ये मला बसवलं, हातात पिवळं पाकीट दिलं. पिवळ्यात पिवळं आणि त्यात पिवळं. पाकीट कुठं संपतं आणि साडी कुठं सुरू होते ते कळत नाही. ऊन कडक होतं, साडीचा पिवळा उजेड गळ्यावर आणि हनुवटीखाली पडलाय, फोटोत मी कावीळ झाल्यासारखी दिसतेय. मग तुमच्या एडिटरनी चेहरा नीट करायला सगळ्या फोटोचा पिवळेपणा उतरवला, त्यात हळदच फिकी पडली, थोडी हिरवट पण झाली. हे मला सगळ्यात जास्त लागलं. हळदीच्या धंद्यात रंग हाच आमचा शब्द असतो हो. फिकी दिसली की गिऱ्हाईक म्हणतं जुनी आहे, भडक दिसली की म्हणतं रंग घातलाय, आणि लोकांचं खोटं नाही, लेड क्रोमेटसारखा विषारी रंग हळदीत मिसळणारे लोक आहेतच. आम्ही राजापुरी हळद घेतो, समोर उभं राहून दळून घेतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, जवळच्या हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांमध्ये, हळद साठवायची जुनी रीत होती आमच्याकडे, लांबलांबचे लोक सांगली नाव वाचून पाकीट उचलतात. त्या हळदीचा रंग माझ्या साडीपायी बदलून टाकलात. आणि ज्या काठासाठी मी ती साडी घेतली तो काठ एकाही फोटोत पूर्ण दिसत नाही, कारण सगळे फोटो कमरेपासून वर कापलेत. कमरेपासून वरच घेणार होता तर आधी सांगायचं ना, मी काठाला पैसे घातले नसते, ब्लाउज चांगला शिवून घेतला असता.

दुसरी साडी बारीक चौकड्याची सुती. तिच्यावर पण तुमचा अंगठा आहे, तारीख-वेळेसकट. फोटो मोठा करून बघा, खांद्यापासून पदरापर्यंत इंद्रधनुष्यासारख्या लाटा उठल्यात, निळ्या-गुलाबी. मी विचारलं तर म्हणाले तुमच्या मोबाईलच्या स्क्रीनचा प्रॉब्लेम आहे. मी तो फोटो तीन मोबाईलवर बघितला, भाच्याच्या लॅपटॉपवर बघितला, शेवटी फ्लेक्सवाल्याकडे जाऊन छोटी प्रिंट काढली, लाटा तिथे पण तशाच. आमच्या इथल्या फोटो स्टुडिओवाल्या काकांनी एका नजरेत सांगितलं की बारीक चौकडा आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकांवर आली की असं होतं, चार पावलं मागेपुढे सरकून किंवा कोन बदलून घेतला असता तर बहुतेक गेलं असतं, आणि मुळात शूटला बारीक चौकडा आणि बारीक रेघा नेसूच नयेत. एवढं एक वाक्य मला शूटच्या आधी कळायला हवं होतं, ३,५०० रुपये मी त्याच्यासाठीच दिले होते.

तिसरी गोष्ट लिहिताना माझे हात थरथरतात. दुपारी घरात हॉलमध्ये हिरवा पडदा लावला, म्हणाले मागचं चित्र नंतर बदलता येतं. मी आदल्या दिवशीच कासाराकडे जाऊन दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या बांगड्या भरून आले होते, फोटो आयुष्यभर राहणार म्हणून. पडद्यापुढे दीड तास मी त्या हातांनी पाकीट धरून उभी होते. हिरव्या पडद्यापुढे हिरवं काही चालत नाही, कॉम्प्युटर तेवढं सगळं पुसतो, हे तुमच्या टीममधल्या प्रत्येकाला माहीत असणार, हे तर तुमच्या रोजच्या कामातलं आहे. दीड तासात एकानेही माझ्या हातांकडे बघितलं नाही का? फोटो आले तेव्हा बांगड्यांच्या जागी गोल गोल फटी, आणि फटीतून मागच्या लाकडी दुकानाचं चित्र दिसतंय, मनगट जणू कापून लांब ठेवलंय. मी तक्रार केली तर चार दिवसांनी दुरुस्त करून पाठवलं. दुरुस्ती काय, तर बांगड्या सगळ्याच काढून टाकल्या आणि कातडीचा रंग भरला. मोकळी मनगटं! गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू आणि हात मोकळे. आमच्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, त्यांनी मोबाईल हातात घेतला, बराच वेळ बघितलं, 'बांगड्या कुठं गेल्या गं' एवढंच म्हणाल्या आणि मोबाईल पालथा ठेवला. त्या दिवशी जेवल्या नाहीत नीट. तुमच्यासाठी तो एका क्लिकचा विषय असेल, आमच्या घरात तसा नाही, आणि महाराष्ट्रात काम करणाऱ्या कंपनीला हे मी समजावून सांगावं लागू नये.

माझ्या बायकांचं पण सांगते. टीमने सगळ्यांना पांढरे कुर्ते घाला म्हणून कळवलं, क्लीन लूक येतो म्हणून, मी ४५० चे चार कुर्ते घेतले. आणि मग त्या पांढऱ्या कुर्त्यांवर त्यांना ओंजळीत हळद घेऊन उधळायला लावली. हळदीचा डाग कसा असतो ते घराघरात माहीत आहे, साबण लावला की लाल होतो, उन्हात घालून घालून फिका होतो पण लगेच जात नाही. चारही कुर्ते गेले. वर टोप्या काढा म्हणाले, चेहरे उघडे दिसायला पाहिजेत म्हणून, ॲप्रन पण काढायला लावले. अहो आमचं खाण्याचं काम आहे, आमच्याकडे फूड लायसन्स आहे, केस मोकळे सोडून हळदीत हात घातलेल्या बाईचा फोटो मी कुठे लावू? बघणारा पहिल्यांदा केसच बघणार. आमच्या कामात टोपी आणि ॲप्रन हाच पोशाख आहे, ती आमची इज्जत आहे, गिऱ्हाइकाला तेच बघायचं असतं. त्यातल्या एक मावशी शूटसाठी मुद्दाम ॲप्रन धुऊन इस्त्री करून आल्या होत्या. त्यांना तो काढून खुंटीला लावताना मी बघितलं आणि तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, तेव्हा वाटलं ह्यांना जास्त कळतं. इस्त्रीवरून आठवलं, स्टीमर आम्ही आणू असं पीडीएफमध्ये लिहिलंय, आणलाच नाही, सुती साडीच्या घडीची आडवी रेघ पोटावर दिसतेय.

आता एक चांगलं पण सांगते, कारण ते खरं आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी माझी रोजची वांगी रंगाची सुती साडी नेसले, अंगात काही डिझाईन नाही, बोटभर काठ, कोपरापर्यंत बाहीचा जुना ब्लाउज, वर ॲप्रन. दारात बसून ताटातली हळद हाताने मोडून बघत होते, वास घेत होते, आणि तुमच्यातल्या एका असिस्टंट मुलाने उजेड चेक करायला म्हणून एक फोटो काढला. लॅपटॉपवर मी तो बघितलाय. वांगी रंगावर हळद कशी उठून दिसते! हळदीचा रंग अगदी खरा आलाय, बाजूने दाराचा उजेड, हातात बांगड्या आहेत, बोटांवर हळद आहे, आणि मी कामात आहे. माझ्या पाकिटावर मला तोच फोटो हवा होता. मागितला तर उत्तर मिळालं की तो टेस्ट शॉट आहे, डिलिव्हरीत येत नाही.

तो एक फोटो बघितल्यावर मला कळलं की कपड्यांचा सल्ला ही किती खरी गोष्ट आहे. माल पिवळा असेल तर नेसूचं वांगी किंवा गडद निळं, चमक नसलेलं, अंगात साधं, कारण बघणाऱ्याची नजर आधी मालावर जायला पाहिजे. पाकीट धरलेले हात फोटोत येणार तर बाही आणि बांगड्या आधी ठरवायच्या. वाकून काम करतानाचा फोटो असेल तर पदर कुठे पिन करायचा ते सांगायचं, नाहीतर पदर मालावर येतो, माझ्या तीन फोटोत आलाय. ह्यातलं काहीच अवघड नाही, दहा मिनिटांचा फोन पुरला असता, तुम्ही काय बनवता, काय नेसता, फोटो कुठे लावणार एवढे तीन प्रश्न विचारायचे होते. त्याऐवजी कुणा दुसऱ्यासाठी बनवलेली पीडीएफ सगळ्यांना पाठवता. माझ्यासारखी बाई आयुष्यात एकदा असं शूट करते, साठवलेल्या पैशातून करते, आणि तिला कळत नसतं म्हणूनच ती सल्ल्याचे पैसे देते.

माझं म्हणणं असं आहे. आउटफिट कन्सल्टेशनचे ३,५०० रुपये पूर्ण परत करा, कारण ती सेवा दिलीच नाही. शूट परत एकदा माझ्या जागेवर, जास्तीचे पैसे न घेता करून द्या, अर्धा दिवस पुरेल, आणि येण्याच्या आधी कपड्यांबद्दल कुणीतरी माझ्याशी फोनवर नीट बोला. ते जमणार नसेल तर १८,००० पैकी निम्मे परत द्या. चार कुर्त्यांचे १,८०० रुपये द्या. दारातला तो टेस्ट शॉट मोठ्या साइझमध्ये, एडिट न करता पाठवा. हिरव्या पडद्याचे फोटो, फटी असलेले आणि मोकळ्या मनगटांचे दोन्ही, तुमच्या पेजवर किंवा जाहिरातीत कुठेही वापरायचे नाहीत, असेल तिथून काढा आणि काढल्याचं मला लिहून कळवा. आणि तुमच्या पीडीएफमध्ये साडीची पानं घाला, ही विनंती समजा, माझ्यानंतर ज्या बायका तुमच्याकडे येतील त्यांच्यासाठी.

१५ दिवस वाट बघते. नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवणार आहे, कागदपत्रं तयार आहेत. मला भांडण नको, नवीन पाकिटं छापायला द्यायचीत आणि छापखानेवाला फोटोसाठी थांबलाय.

फोन करणार असाल तर संध्याकाळी सहानंतर करा, दिवसा गिरणी चालू असते, ऐकू येत नाही.

आपली,
हळद-मसाला व्यवसायवाली ग्राहक, सांगली