गिटारचा कॅपो गिटारवर लावूनच घ्यावा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव जवळ आला, की बडोद्यातल्या मराठी मंडळांमध्ये भावगीतांच्या आणि भक्तिगीतांच्या तालमी सुरू होतात. पेटी-तबल्याच्या जोडीला अकूस्टिक गिटार घेऊन बसणारी मुले-मुली आता या तालमींमध्ये सर्रास दिसतात, आणि ही गोष्ट मला मनापासून आवडते. मात्र त्यांच्यापैकी अनेकांच्या गिटारवरचा कॅपो घेताना त्यांना कोणी नीट मार्गदर्शन केलेले नाही, हे साथ ऐकताच ध्यानात येते. त्याविषयी आपल्या दैनिकातून पालक, शिक्षक आणि वाद्यविक्रेते या तिघांशीही बोलावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कॅपो म्हणजे गिटारच्या नेकवर, म्हणजे लांब मानेवर, आवळून बसवायचा चिमटा. तो सहाही तारा एका फ्रेटमागे, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी एकीमागे, एकदम दाबतो आणि प्रत्येक फ्रेटगणिक वाद्याचा सूर अर्ध्या स्वराने वर नेतो. आपल्याकडे गायक पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, सांगतो ती पेटीच्या भाषेत. गायिकेने ‘काळी पाच’, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी, म्हटले, की गिटारवाल्याने पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून ए मेजरच्या कॉर्डचे (एकदम छेडायच्या स्वरांचे) बोटांचे आकार धरावेत, किंवा तिसऱ्या फ्रेटवर लावून जी मेजरचे. ‘काळी एक’ असेल तर सी मेजरचे आकार पहिल्या फ्रेटवर चालतात आणि ए मेजरचे चौथ्या फ्रेटवर. पट्टी तीच राहते, पण चौथ्या फ्रेटवर तारेची लांबी कमी झाल्याने नाद बारीक आणि उजळ होतो, म्हणून गाण्याच्या स्वभावाप्रमाणे निवड करता येते. काही शिक्षक कॅपोला कुबडी म्हणतात, ते मला पटत नाही. पेटीवाला स्केलचेंजर सरकवून पट्टी बदलतो तेव्हा त्याच्या तयारीवर कोणी शंका घेत नाही. स्पेनमधल्या फ्लामेंको परंपरेत तर गायकाच्या गळ्याप्रमाणे पट्टी जुळवण्यासाठी मुरलेले वादकसुद्धा कॅपो वापरतात.

खरी अडचण दाबाची आहे. कॅपोने तार गरजेपेक्षा जास्त दाबली, की ती ताणली जाते आणि तिचा सूर चढतो. नुसती गिटार वाजवताना हा दोष कदाचित खपून जाईल. पण शेजारी पेटी असते आणि पेटीचे स्वर कोणासाठी हलत नाहीत. मागे एका तालमीत मी हे अगदी जवळून पाहिले. गायिकेची काळी पाच लागलेली, मुलाने पहिल्या फ्रेटवर कडक स्प्रिंगचा कॅपो लावलेला, आणि दुसरी तार पेटीच्या सुराशी भांडत होती. दोन जवळचे सूर एकमेकांवर आदळून जी थरथर उठते, ती स्पष्ट ऐकू येत होती. मुलाने खुंटी पिळून तार उतरवली आणि ते गाणे निभावले. पुढच्या गाण्याला त्याने कॅपो काढला, तेव्हा तीच तार बोदी झाली. त्या मुलाचा कान उत्तम होता. त्याला मिळालेले साधन चुकीचे होते.

बाजारात सर्वांत जास्त खपतो तो स्प्रिंगचा, ज्याला सगळे ट्रिगर कॅपो म्हणतात. एका हाताने क्षणात लागतो आणि निघतो, दोन गाण्यांच्या मधल्या वेळात पट्टी बदलायची असेल तर तो सोयीचा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. कायसरसारख्या नावाजलेल्या कंपनीचा असो वा त्याची स्वस्त नक्कल असो, त्याचा दाब मात्र स्प्रिंग ठरवते, वादक नाही. शिवाय नेक शरीराकडे जाताना जाड होत जाते, तिथे स्प्रिंग जास्त उघडते आणि दाब वाढतो. स्क्रूच्या कॅपोत दाब आपल्या हातात असतो: तारा स्वच्छ वाजू लागतील इतकेच आवळायचे आणि तिथे थांबायचे. शब कंपनीच्या कॅपोत खटक्याची दांडी आणि स्क्रू दोन्ही असतात, त्यामुळे दाब एकदा बसवला की पुढे खटका दाबला तरी पुरते. नेकची जाडी बदलेल तिथे स्क्रू थोडा फिरवावा लागतो. पेटीबरोबर साथ करणाऱ्याने दाब कमी-जास्त करता येईल असाच कॅपो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला लावायला चार सेकंद जास्त लागतात, आणि निवेदक तेवढा वेळ सहज देतो.

दुसरी गोष्ट फ्रेटबोर्डच्या, म्हणजे नेकच्या फ्रेट बसवलेल्या बाजूच्या, गोलाईची. स्टीलच्या तारांच्या गिटारचा फ्रेटबोर्ड किंचित फुगीर असतो आणि नटपाशी, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या तुकड्यापाशी, साधारण 43 मिलिमीटर रुंद असतो. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार तिथे 52 मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि जवळजवळ सपाट असते. सपाट कॅपो फुगीर फ्रेटबोर्डवर लावला, तर मधल्या तारा करकचून दाबल्या जातात आणि कडेच्या खरखरतात. गोलाईचा कॅपो सपाट फ्रेटबोर्डवर लावला, तर मधल्या सैल राहतात. क्लासिकल गिटारवर आखूड पट्टीचा कॅपो सहाव्या तारेपर्यंत पोहोचतच नाही. तरीही दुकानात ‘सगळ्या गिटारला चालतो’ असे सांगून एकच नग पुढे केला जातो, आणि ऑनलाइन मागवणारे पालक तर फक्त रंग व किंमत पाहतात.

म्हणून माझी विनंती अशी, की कॅपो घ्यायला जाताना आपली गिटार आणि सूर दाखवणारा ट्यूनर बरोबर न्यावा. आधी मोकळ्या तारा नेमक्या सुरात लावाव्यात, मग दुसऱ्या फ्रेटवर, फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून पण तिच्यावर न चढवता आणि तिला समांतर, कॅपो बसवावा आणि एकेक तार छेडून ट्यूनरचा काटा पाहावा. सहाही तारा एकसारख्या वाजल्या आणि काटा मध्यापासून फारसा ढळला नाही, तर तो कॅपो त्या गिटारचा. हीच परीक्षा पाचव्या फ्रेटवर पुन्हा करावी, कारण तिथे नेकची जाडी वेगळी असते. पहिल्याच फ्रेटवर सूर चढत असेल, तर कॅपोला बोल लावण्याआधी नटच्या खाचा उंच नाहीत ना, हे जाणत्या कारागिराकडून पाहून घ्यावे. विक्रेत्यांनी ग्राहकाला या परीक्षेसाठी पाच मिनिटे द्यावीत. संगीतज्ञ मौलाबक्षांनी 1886 साली ज्या शहरात गायनशाळा सुरू केली, त्या शहरातल्या वाद्यांच्या दुकानाकडून ही अपेक्षा अवाजवी नाही. गिटारच्या वर्गांनीही कॅपोची खरेदी पालकांवर न सोडता एखाद्या तासाला दोन-तीन प्रकारचे कॅपो मुलांच्या हातात द्यावेत आणि पेटीच्या सुराशी ताडून त्यांना फरक ऐकवावा.

घरात आधीपासून असलेला कॅपो लगेच फेकून देण्याची मात्र गरज नाही. त्याच्या रबरावर तारांच्या खोल खाचा पडल्या असतील, तर दाब असमान होतो. काही कंपन्यांचे रबर वेगळे विकत मिळते आणि घरच्या घरी बदलता येते. तालीम संपल्यावर कॅपो नेकवर तसाच ठेवून गिटार पिशवीत घालण्याची सवय तेवढी मोडावी, कारण त्याने रबर दबून जाते आणि काही गिटारांच्या पॉलिशवर डागही पडतो.

आपला विश्वासू,
एक वाचक व गिटारवादक,
दांडिया बाजार, बडोदे