झोपलेल्याच्या मिशा

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र काल मिळालं. चिरंजीवाला होस्टेलच्या पोरांनी झोपेत तोंडावर मिशा रंगवल्या म्हणून तू रेक्टरकडे लेखी तक्रार द्यायला निघालास, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. तक्रार करूच नको असं म्हणत नाही. आधी त्याला एवढंच विचार: मिशा काढल्या कुणी, आणि आरशात बघून तो स्वतः हसला का?

सांगलीचं होस्टेल आठव. बंड्याची पाठ अंथरुणाला टेकली की तो घोरायला लागायचा. काजळाची डबी मी घरून आणली होती. बूटपॉलिश नको, डोळ्यात गेलं तर आग होईल, म्हणून तूच अडून बसला होतास. घोरणं एका लयीत येईपर्यंत आपण श्वास रोखून दारात उभे. मग तू करंगळीनं डावी बाजू रेखलीस, पार गालापर्यंत पीळ दिलास, आणि उजवीला हात घालणार तोच पठ्ठ्यानं कूस बदलली. सकाळी अर्ध्या मिशीनं तो मेसमध्ये आला. मावशींनी चपाती वाढता वाढता विचारलं, "एका अंगालाच उगवली व्हय रं?" बंड्यानं तोंडावरून हात फिरवला, बोटं काळी झाली, आणि तो असा हसत सुटला की ठसका लागून आमटी सांडली. मिशी मात्र पुसली नाही, तासालासुद्धा तशीच मिरवली. पुढं काही दिवसांनी पहाटे आपल्याला जाग आली तर पाय हलेनात. दाभण घेऊन त्यानं आपल्या चादरी गादीला चारी बाजूंनी टाचल्या होत्या!

ही फिट्टंफाट मला फार मोलाची वाटते. ज्याला उलटून आपली खोडी काढता येते त्याचीच खोडी काढावी. आमच्याकडे शिमग्यात होळीसाठी लाकडं पळवायची मुभा असते. धडधाकट घरांच्या अंगणातून ओंडके जातात, मालक दोन शिव्या घालतो आणि संध्याकाळी स्वतःच होळीपुढं बोंब मारायला येतो. पण एकट्या म्हातारीच्या सरपणाला पोरं हात लावत नाहीत. तिची चूल त्यावर चालते.

झोपलेल्याच्या बाबतीत तर जास्तच जपावं लागतं. रात्रीच्या पहिल्या काही तासांत झोप सगळ्यात गाढ असते. त्यातून एकदम उठवलं तर आपण कुठे आहोत हेच क्षणभर उमगत नाही, माणूस धडपडतो, समोरच्यावर हातही उगारतो. कानाशी फटाका, तोंडावर गार पाणी, अंधारात भुताची सोंगं, यांना मी थट्टा म्हणायला तयार नाही. नाकाखाली टूथपेस्ट फासतात, तीही डोळ्यात गेली की झोंबते. काजळ बरं, सकाळी साबणानं जातं.

साबणानं जात नाही तो मोबाईलवरचा व्हिडिओ. हे आपल्या वेळी नव्हतं आणि मला खरी भीती याचीच वाटते. खोलीतल्या चौघांचं हसणं चारशे अनोळखी लोकांपर्यंत गेलं, की त्यातली मैत्री संपली. कुणी शूटिंग केलंय का, हे त्याला नक्की विचार. केलं असेल तर आधी ते पुसायला लाव.

आणि हे सीनियरांचं काम असेल, मध्यरात्री बोलावून, रांगेत उभं करून, नाही म्हणायची सोय न ठेवता, तर एक दिवसही थांबू नकोस. १९९९ चा महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा आहे. विद्यार्थ्याला भीती, लाज किंवा संकोच वाटेल असं वागणं त्यात रॅगिंग धरलंय, थट्टामस्करीचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. लेखी तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणं संस्थाप्रमुखाला बंधनकारक आहे. मग मी स्वतः तुझ्याबरोबर रेक्टरकडे येतो.

पण त्याच्याच खोलीतल्या दोस्तांनी केलं असेल, आणि पोरगं रात्री निवांत झोपत असेल, तर तक्रारीचा कागद फाडून टाक. घरापासून लांब गेलेल्या मुलाची कुणी मिशी काढतं, म्हणजे त्याला त्यांनी आपल्यात घेतलंय. मला तरी याचा आनंदच वाटला.

वहिनींना नमस्कार सांग, त्यांची काळजी मला कळते. त्याच्याशी बोलणं झालं की लगेच कळव. आणि गड्याला परतफेड करायची असेल तर माझा नंबर दे, दाभण कुठलं घ्यायचं ते मी सांगतो.

तुझा,
विनू