टेनिसच्या टप्प्यांत लीला राव कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत नुकताच टेनिसच्या इतिहासातील संस्मरणीय टप्प्यांवर पानभर मजकूर प्रसिद्ध झाला. १८७७ ची पहिली विम्बल्डन स्पर्धा, १९३८ मध्ये डॉन बज यांनी एकाच वर्षात पटकावलेली चारही प्रमुख विजेतेपदे, १९८८ मध्ये स्टेफी ग्राफने अशाच चार विजेतेपदांच्या जोडीला मिळवलेले ऑलिम्पिक सुवर्ण, २०१० मधला इस्नर आणि माहू यांचा ११ तास ५ मिनिटांचा सामना, हे सारे त्यात नेमकेपणाने आले आहे. तरीही वाचून झाल्यावर मला चुटपुट लागून राहिली. कोणी किती चषक जिंकले याचा हिशेब या यादीत चोख आहे. मात्र या खेळाची दारे कोणासाठी, केव्हा आणि कोणाच्या झगड्यामुळे उघडली, हे तिच्यात जवळजवळ नाही. माझ्या मते टेनिसचे खरे टप्पे तेथेच आहेत आणि त्यांतलाच एक मुंबईच्या टेनिसपटू लीला राव यांचा आहे.

१९६८ हे वर्ष आपण एका ओळीत उरकले आहे. त्यापूर्वी प्रमुख स्पर्धांत केवळ हौशी खेळाडूंना प्रवेश असे. हौशी म्हणवणाऱ्या नामवंतांच्या हाती आयोजक गुपचूप पैसे ठेवत आणि जो उघडपणे व्यावसायिक होई त्याला मात्र विम्बल्डन बंद होई. रॉड लेव्हर यांनी १९६२ मध्ये चारही विजेतेपदे मिळवली, ते व्यावसायिक झाले आणि ऐन उमेदीची पाच वर्षे त्यांना या स्पर्धांबाहेर काढावी लागली. एप्रिल १९६८ मध्ये इंग्लंडमधील बोर्नमथ येथे हौशी आणि व्यावसायिक एकाच खुल्या स्पर्धेत उतरले. त्याच वर्षी लेव्हर यांनी विम्बल्डन पुन्हा जिंकले आणि १९६९ मध्ये चारही विजेतेपदे दुसऱ्यांदा आपल्या नावावर केली. मधली पाच वर्षे त्यांच्याकडून हिरावली गेली नसती तर आजचा विक्रमांचा तक्ता निराळा दिसला असता, याविषयी मला शंका नाही.

पैसा उजेडात आला, तसा त्यातला पक्षपातही उजेडात आला. १९६८ च्या विम्बल्डनमध्ये लेव्हर यांना २,००० पौंड मिळाले आणि महिला विजेत्या बिली जीन किंग यांना ७५०. त्यानंतर दोनच वर्षांनी किंग यांच्यासह नऊ महिला खेळाडूंनी बंदीची टांगती तलवार डोक्यावर असताना एकेका डॉलरच्या करारावर सही केली आणि ह्यूस्टन येथे स्वतःची वेगळी स्पर्धा खेळून दाखवली. १९७३ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेने स्त्री-पुरुषांना समान बक्षीस दिले, ते या बंडामुळे. आपण किंग आणि पुरुष खेळाडू बॉबी रिग्ज यांच्या १९७३ च्या गाजलेल्या सामन्याचे छायाचित्र छापले आहे, पण या नऊ जणींचा उल्लेख केलेला नाही. विम्बल्डनमध्ये समान बक्षीस यायला २००७ उजाडावे लागले, यावरून तो लढा किती चिवट होता हे कळते.

भारताविषयीच्या चौकटीत १९७४ च्या डेव्हिस चषकापुढे, म्हणजे देशोदेशींच्या पुरुष संघांच्या स्पर्धेपुढे, नुसते ‘उपविजेते’ असे लिहिले आहे. ती अंतिम लढत झालीच नव्हती. समोर दक्षिण आफ्रिका होती आणि वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने खेळण्यास नकार दिला. विजय व आनंद अमृतराज यांच्या संघाने हातातोंडाशी आलेला घास सोडला, ही गोष्ट त्या एका शब्दाखाली दडून जाते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येते. मुंबईत जन्मलेल्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विम्बल्डनच्या महिला एकेरीत सामना जिंकला. असा विजय मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या मातोश्री पंडिता क्षमा राव या संस्कृत पंडित शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या. सत्याग्रह, तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर अशा विषयांवर संस्कृत काव्ये रचणाऱ्या क्षमाबाई स्वतःही टेनिसपटू होत्या. लीलाबाईंनी पुढे आईच्या कथांवरून संस्कृत नाटके लिहिली. खुल्या युगात, म्हणजे १९६८ नंतर, भारतीय महिलेला ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे चार प्रमुख स्पर्धांपैकी एकीच्या, एकेरीत मुख्य फेरीचा सामना जिंकता आला तो थेट १९९८ मध्ये, निरुपमा वैद्यनाथन यांच्या रूपाने, ऑस्ट्रेलियात. मुंबईतून निघणाऱ्या मराठी दैनिकाच्या यादीत लीलाबाईंचे नाव नसावे, याचे मला वाईट वाटते.

मी दादरच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका होते आणि निवृत्तीनंतरही काही मुलींचा संध्याकाळी सराव घेते. परवा कोर्टवरचे जाळे गुंडाळताना मी त्यांना विचारले की विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकलेली पहिली भारतीय महिला कोण. सगळ्यांनी एका सुरात सानिया मिर्झाचे नाव घेतले. सानियाचे कर्तृत्व मोठेच आहे. २०१५ मध्ये तिने मार्टिना हिंगिसच्या साथीने विम्बल्डनचे दुहेरीचे विजेतेपद मिळवले. पण मी लीलाबाईंविषयी सांगितल्यावर बुटांची लाल माती झटकत एकीने विचारले, ‘‘बाई, त्या मुंबईच्याच होत्या? मग आम्हाला आधी कोणी सांगितलं कसं नाही?’’ तिच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हते.

माझी आपल्याला विनंती आहे की पुरवणीच्या पुढील अंकात लीला राव यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा आणि जुन्या मुंबईकर कुटुंबांकडे त्यांची किंवा क्षमाबाईंची छायाचित्रे, पत्रे, स्पर्धांची कात्रणे असल्यास ती पाठवण्याचे जाहीर आवाहन करावे. दुसरी विनंती महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडिया यांना आहे. पुढे जागतिक क्रमवारीत अव्वल ठरलेल्या अरिना सबालेंकाने २०१७ मध्ये मुंबई ओपन स्पर्धा जिंकली ती या क्लबच्या कोर्टवर. तेथे प्रेक्षकांच्या नजरेस पडेल अशा भिंतीवर लीलाबाईंचे नाव, १९३४ हे वर्ष आणि दोन ओळींची माहिती असलेला मराठी फलक लावावा. पुढच्या महिला स्पर्धेपूर्वी तो लागला तर सरावाच्या मुलींना घेऊन मी तो पाहायला जाईन.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
दादर, मुंबई